देओलिंदाचा टप

शनिवारी बेकरीच्या भट्ट्या कायमच्या विझणार होत्या. त्याआधी जेर्मानो बोतेल्योला एकच गोष्ट हवी होती. आईने एकदा, निदान एकदा, कणकेवर हात ठेवावा.

बाकी सगळं हातचं गेलं होतं. ट्रक विकून झाले होते. कणीक मळायची यंत्रं कोणी पेन्सिल्व्हेनियाचा माणूस उचलून घेऊन गेला होता. ईस्टरचे शेवटचे गोड पाव गुरुवारीच रवाना झाले, आणि ज्या नावाने अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या पोर्तुगीज घरांत ईस्टर उजाडायचा ते नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं. त्यातलं काही परत येणार नाही, हे साठी गाठलेल्या जेर्मानोला पक्कं ठाऊक होतं. पण आई अजून होती. टेकाडावरच्या तिमजली लाकडी घरात, मधल्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी ती बसलेली असायची. बेकरीचं धुराडं तिथून दिसतं, म्हणून ती खुर्ची उलटी फिरवून बसायची.

"येईल असं वाटतं तुला?" झुल्मिराने विचारलं. कणकेच्या खात्यावर तिची उभी हयात गेली होती आणि मालकाला अरेतुरे करायचा हक्क तिने कधीच मिळवला होता. ती आपले एप्रन पिशवीत कोंबत होती.

"इथे नाही येणार. मीच कणीक घेऊन जातो तिच्याकडे."

"ने. फक्त माझं नाव काढू नकोस. त्या दिवसापासून चर्चमध्ये सगळे एकमेकांना शांतीचा हात देतात तेव्हा ती मला देत नाही. माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला देते. मी म्हणते, देवाच्या घरात तरी." झुल्मिराने पिशवीचं तोंड करकचून बांधलं. "चूक तिची नाही म्हणा. माझीही नाही. कोणाची आहे ते तुला माहीत आहे."

जेर्मानोने मान डोलावली. 

जेर्मानोचे आईबाप, देओलिंदा आणि एव्हारिश्तु, पोर्तुगालच्या साव मिगेल बेटावरून आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पोर, एक ट्रंक आणि एक लाकडी काथवट होती. लोक सोनंनाणं आणतात, हिने काथवट आणली, म्हणून बोटीवर बायका हसल्या होत्या. बेटावर रोजची भाकरी मक्याची. गव्हाचा पाव म्हणजे सण. पावाचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायचा, मग खायचा. देओलिंदाच्या लहानपणी असे कित्येक दिवस गेले की मुका घ्यायलाही तुकडा नव्हता. त्यामुळे तिचा सगळा धर्म एका वाक्यात मावायचा: खाऊन माजावं, पण टाकून माजू नये. बाकी दहा आज्ञा पाद्र्याने सांभाळाव्यात.

एव्हारिश्तु कापडगिरणीत लागला आणि देओलिंदाने तळघरात भट्टी लावली. ईस्टर आला की आळीतल्या बायका गोड पाव मागायला यायच्या. तिची रीत ठरलेली. दूध तापवायचं आणि त्यात करंगळी बुडवायची. एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हणून होईपर्यंत करंगळी आत राहिली तर दूध बरोबर, चटका बसला तर थांब. मग लोणी, अंडी, लिंबाची किसलेली साल. मळून झालं की तळहाताच्या कडेने कणकेवर खोल क्रूस काढायचा आणि पुटपुटायचं, "देवा, हिला वाढव. घरच्यांना पुरू दे, दारच्यांना उरू दे." वर घोंगडी, आणि घोंगडीवर नवऱ्याचा कोट. घरच्या पुरुषाचा कोट पांघरला की कणीक लवकर चढते, अशी बेटावरची समजूत. एव्हारिश्तु बर्फात कुडकुडत गिरणीला जायचा आणि त्याचा कोट घालून कणीक शेगडीपाशी बसायची.

"या घरात कणकेला माझ्यापेक्षा मान आहे," तो म्हणायचा.

"ती रोज वाढते," देओलिंदा म्हणायची. "तू आहेस तेवढाच आहेस."

कणीक वाढली तशी कंपनीही वाढली. तळघरातून कोलंबिया स्ट्रीटवर दुकान झालं. एव्हारिश्तुने गिरणी सोडली, पुढे गिरणीनेच गावाला सोडलं, आणि ज्या दगडी इमारतीत तो वर्षानुवर्षं रिळं उचलत होता तीच इमारत बोतेल्यो बेकिंग कंपनीने घेतली. त्या दिवशी म्हातारा रिकाम्या मजल्यावर उभा राहून रडला होता. जेर्मानो कॉलेज करून आला आणि त्याने ट्रक घेतले, न्यू बेडफर्ड घेतलं, प्रॉव्हिडन्स घेतलं, बोस्टनपर्यंत मजल मारली. बापाचं हृदय बंद पडलं त्याच वर्षी त्याने एका मोठ्या सुपरमार्केट साखळीशी करार केला. सहा राज्यांतल्या फळ्यांवर बोतेल्योंचा गोड पाव. लोण्याच्या जागी मार्जरीन आलं, लिंबाच्या जागी इसेन्स आलं, दुधाच्या जागी पावडर आली. आईने नाक मुरडलं, पण हरकत घेतली नाही. तिची अट एकच होती: रोज सकाळी प्रत्येक टपावर तिचा हात पडला पाहिजे.

आणि तो पडायचा. काळ्या कपड्यातली ती ठेंगणी बाई पहाटपाळीला यायची. चाकांवरचे स्टीलचे टप एकामागून एक तिच्यासमोर येत, ती क्रूस काढी, ओठ हलत, टप पुढे सरके. कामगार टोप्या काढून उभे राहत. नव्याने आलेली कंबोडियाची पोरं होती, त्यांचा देव वेगळा, पण तीही टोप्या काढत.

मग साखळीचा तपासनीस आला. चांगला माणूस होता, हळू बोलायचा. म्हणाला, उघडा हात कणकेला लागता कामा नये. मोजे घाला नाहीतर करार संपला.

जेर्मानोने आईसमोर निळे हातमोजे धरले. तिने ते घातले, हात डोळ्यांपुढे फिरवून पाहिले आणि काढून ठेवले.

"पाद्री मोजे घालून बाप्तिस्मा देतो का रे?"

"माय, नियम आहे."

"मग मी घरी बसते. तू यंत्राला शिकव देवाचं नाव घ्यायला."

तिला घरी बसवणं जेर्मानोला जमणारं नव्हतं. बाप गेल्यापासून त्या एका कामावर ती जगत होती. इकडे आई, तिकडे करार, आणि करारावर दोनशे घरांच्या चुली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा वेळी माणूस जे करतो त्याला तो शहाणपणा म्हणतो.

"माय, मोजे राहू देत," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "आता पद्धत बदललीय. तुझ्यासाठी एकच टप ठेवू. अगदी तुझ्या रीतीने, लोणी, लिंबू, सगळं खरं. त्यातली थोडी थोडी कणीक बाकीच्या सगळ्या टपांत जाईल. सगळी बेकरी तुझ्या टपावर फुगेल."

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे विरजणासारखं," ती म्हणाली.

"विरजणासारखं."

किती सहज आलं ते तोंडातून. आई रोज यायची, आपल्या टपावर क्रूस काढायची, देवाला सांगायची आणि समाधानाने घरी जायची. तिच्या टपातला एक गोळाही बाकीच्या टपांत जात नव्हता. सुरुवातीला झुल्मिरा ती कणीक वेगळी भाजायची आणि पाव कामगार घरी न्यायचे. मग एकदा तपासनिसाने त्याच भट्टीत ते पाव पाहिले आणि शेवटची ताकीद दिली.

"टाकून देत जा," जेर्मानोने झुल्मिराला सांगितलं.

"अन्न टाकू? तुझ्या आईने हात ठेवलेलं?"

"टाक म्हणतो ना. मागच्या पेटीत. तिला कळू न देता."

सहा-सात वर्षं हे चाललं. वाईट हे की जेर्मानोला त्याची सवय झाली. रोज तो आईला गाडीतून उतरवून घ्यायचा, "कशी चढली होती कालची?" असं ती विचारायची, आणि तो म्हणायचा, "झकास, माय. सगळ्यांनी नाव काढलं." तिला बरं वाटावं म्हणूनच. त्यात त्याचं प्रेमच होतं, आणि म्हणूनच त्याला कधी लाज वाटली नाही.

जूनमध्ये पवित्र आत्म्याचा सण असतो, तेव्हा सगळ्या गावाला पाव आणि मटणाचा रस्सा फुकट वाढतात. त्या सकाळी पुढच्या रस्त्यावर मिरवणुकीची तयारी चालली होती, म्हणून देओलिंदाची गाडी मागच्या फाटकाने आली. उकाडा जबर होता. कचऱ्याच्या लोखंडी पेटीचं झाकण वर उचललं गेलं होतं आणि त्याखालून पिवळसर कणीक फुगून बाहेर ओघळत होती. पेटीत टाकली तरी ती चढायची थांबली नव्हती. देओलिंदा जवळ गेली. लिंबाच्या सालीचा वास आला. साऱ्या बेकरीत खरं लिंबू एकाच टपात पडत होतं.

जेर्मानो धावत आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेने भरले होते. जमेल तेवढी तिने बाहेर काढली होती आणि ओच्यात घेतली होती.

"रोज?" तिने विचारलं.

"माय, ऐक, ते तपासनीस..."

"रोज?"

"रोज."

ती ओरडली असती तर त्याने सोसलं असतं. ती ओरडली नाही. "मी रोज त्याला म्हणत होते, वाढव," ती म्हणाली. "बघ किती वाढवलं त्याने. तो बिचारा आपलं काम करत होता." मग ओच्याकडे बघून म्हणाली, "अन्न टाकायचं, आणि वर देवाचं नाव घ्यायचं. हे माझ्या हातून करवलंस तू. माझ्या हातून."

त्यानंतर तिने कणकेवर हात ठेवला नाही. बेकरीत नाही आणि घरीही नाही. काथवट तिने जेर्मानोकडे पाठवून दिली. त्याने ती ऑफिसच्या भिंतीवर टांगली आणि पाहुणे तिचं कौतुक करू लागले. देओलिंदा सुपरमार्केटमधला प्लास्टिकच्या पिशवीतला कापलेला पांढरा पाव खाऊ लागली. ईस्टरलाही तोच. लेकाशी ती बोलायची, त्याला सूप वाढायची, सुनेची चौकशी करायची. फक्त बेकरीचा शब्द निघाला की उठून नळ सोडायची.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्या साखळीने चार वर्षांनी स्वतःच्या नावाचा स्वस्त गोड पाव काढला आणि बोतेल्योंना एका फोनवर निरोप दिला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. जेर्मानोने घर गहाण टाकून आणखी थोडे दिवस ओढले. पण मनातून तो त्या जूनच्या सकाळीच हरला होता.

शनिवारी सकाळी, सगळे गेल्यावर, त्याने भिंतीवरची काथवट उतरवली, पुसली. पीठ घेतलं, यीस्ट घेतलं, लोणी, अंडी, दोन लिंबं. आयुष्यभर पाव विकले, पण एकट्याने स्वतःच्या हातांनी कणीक भिजवल्याचं त्याला आठवत नव्हतं. आधी ते काम आईचं होतं, मग यंत्राचं. चहाच्या शेगडीवर दूध ठेवलं आणि तो खिडकीबाहेर रिकाम्या आवाराकडे बघत राहिला. दूध उतू जायला लागलं तसं त्याने ते घाईघाईने उचललं आणि यीस्ट घातलेल्या पिठावर ओतलं. हात घातले तर तळवे पोळले. पोळले ते त्याला बरंच वाटलं. निदान एवढं तरी भोगायला हवं, असं मनाशी म्हणत तो मळत राहिला, आणि मळता मळता काथवटीत मान घालून रडला.

आईने दार उघडलं. घोंगडीत गुंडाळलेली काथवट तिने लगेच ओळखली.

"हे काय आणलंस?"

"आज बंद झाली, माय. ही शेवटची. यंत्राची नाही, मी मळलीय." त्याने काथवट पुढे केली. "एकदा हात ठेव. नंतर कधी म्हणणार नाही."

 ऐंशी पार केलेली बाई, दाराची चौकट धरून उभी. "खायची आहे की टाकायची?" तिने विचारलं.

"खायची. आपण दोघांनी. उद्या ईस्टर."

"लोणी?"

"खरं लोणी. लिंबूही खरं."

"हात दाखव." त्याने तळवे पुढे केले. नखांत कणीक होती, कातडी लाल झाली होती. तिने ते उलटे-सुलटे पाहिले. "तुझ्या बापाचे असेच होते," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

तिने शेगडीजवळच्या खुर्चीवर काथवट ठेवायला लावली. बाह्या वर केल्या, हात धुतले, पुसले. मग हात हवेत थांबला.  तळहाताची कड कणकेत उतरली, एकदा उभी, एकदा आडवी. ओठ हलले. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून साठीच्या त्या माणसाला तळघरातल्या पोरासारखं गहिवरून आलं. "घरच्यांना पुरू दे," ती म्हणाली, "दारच्यांना उरू दे." तिने आतल्या कपाटातून एव्हारिश्तुचा कोट काढला आणि घोंगडीवर पांघरला. वर कॉलरही नीट केली.

मग दोघं बसली. तिने केल नावाच्या पालेभाजीचं सूप गरम केलं. वरच्या मजल्यावरच्या बाईच्या नातवंडांविषयी बोलणं झालं. पहिल्यांदाच तिने खुर्ची सरळ केली आणि खिडकीबाहेर पाहिलं. धुराड्यातून धूर नव्हता.

"तो असता तर आज फार रडला असता," ती म्हणाली.

"हो."

"गोड कणकेला वेळ लागतो," थोड्या वेळाने ती म्हणाली. "घाई नको."

दुपार झाली. तिने कोटाची कड उचलून पाहिली आणि परत झाकली. शेगडी थोडी वाढवली. ऊन भिंतीवरून सरकलं. पुन्हा पाहिलं. या वेळी तिने खुर्ची शेगडीच्या आणखी जवळ ओढली. संध्याकाळची घंटा झाली तेव्हा तिने कोट काढला, घडी घालून मांडीवर घेतला, आणि घोंगडी बाजूला केली.

कणीक होती तशीच होती. क्रूसाच्या रेघा सकाळी काढल्या तशा, कड न कड जागच्या जागी. तिने तळवा टेकवला.

"नाही ऐकलं त्याने," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "का ऐकावं? सात वर्षं मी त्याच्याकडे मागून घेतलं आणि कचऱ्यात ओतलं. माझा हात मेला, जेर्मानो. मला वाटलंच होतं. तुझ्यासाठी म्हणून ठेवून बघितला."

तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सकाळचं ते दूध आलं. उतू जाणारं. त्यातून वाफ येत होती. आणि पोळलेले तळवे.

"माय, नाही," तो म्हणाला. "माझी चूक आहे. दूध मी तसंच कढत ओतलं. करंगळी घातली नाही. यीस्ट मेलं, तुझा हात नाही. हे बघ, हात पोळलेत माझे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या मायेने तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तू लहानपणापासून असाच. मला वाईट वाटू नये म्हणून काय वाट्टेल ते सांगशील."

"खरं सांगतोय, माय. बापाची शपथ."

"टपाचंही असंच सांगायचास. सगळी बेकरी तुझ्या टपावर फुगते, माय." तिने त्याच्या दंडावर थोपटलं. "राहू दे."

तो बोलत राहिला. दुधाचं, शेगडीचं, खिडकीचं पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि जितकं नीट सांगत गेला तितकं ते त्याचं त्यालाच रचल्यासारखं ऐकू यायला लागलं. 

"टाकायची नाही," ती म्हणाली. तिने त्या घट्ट गोळ्याचे उंडे केले, पातळ थापले आणि तव्यावर भाजले. क्रूस पहिल्याच उंड्यात मोडला. भाकरी गोड होत्या, लिंबाचा वास होता आणि चावता चावत नव्हत्या. तिला दात थोडेच उरले होते. ती एकेक तुकडा सुपात बुडवून, मऊ होईपर्यंत थांबून खात होती. ताटात पडलेले कणही तिने ओल्या बोटाने टिपून घेतले.

निघताना जेर्मानो दारात थांबला. त्याला राहवलं नाही.

"दूध कढत होतं, माय."

"हो रे राजा," ती म्हणाली आणि त्याची कॉलर नीट केली. "कढतच होतं."

जिना उतरताना त्याला तो सूर ओळखू आला. सात वर्षं रोज सकाळी, गाडीचं दार उघडून धरताना, तो तिच्याशी याच सुरात बोलत आला होता.